पाण्याखालची वाडी

हिंगणथडीच्या लोकांनी त्या वर्षी गंगेला नदी समजणं सोडून दिलं होतं. गोदावरीला या थडीला गंगाच म्हणतात, आणि पाणी असो नसो, तिच्या नावाने हात जोडतात. पण त्या उन्हाळ्यात हात जोडायला खाली पाहिलं की वाळूच दिसायची. वरच्या बंधाऱ्यामागे थोडं पाणी होतं, ते प्यायला म्हणून राखून ठेवलेलं. ते कोणाला प्यायला मिळायचं, हे मात्र गावाला कधी कळलं नाही. गावाला टँकर यायचा, आणि तोही ड्रायव्हरच्या मर्जीने.

अंजना झिऱ्यात उतरली होती. वाळूत खणलेला, पुरुषभर खोलीचा तो खड्डा. त्याच्या तळाशी पाणी पाझरून यायची वाट पाहायची, मग वाटीने घागर भरायची. घाई करून चालत नाही, वाटी खोल घातली की गाळ येतो. तिला सहावा महिना लागला होता. वाकलं की पोट मांड्यांवर टेकायचं आणि दम लागायचा.

"बास झालं, वर ये," काठावरून भिवराबाई म्हणाली. "मी उतरते."

"तुमचे गुडघे, आत्या."

"माझ्या गुडघ्यात काय पोर हाय का? ये म्हणलं की यावं."

सासूने हात दिला आणि ती वर आली. दोघींनी मिळून घागर उचलली आणि वेलांच्या आळ्यांत पेलापेलाने पाणी घातलं. नदीच्या वाळूत, दोन्ही थड्यांच्या मधोमध, भिवराबाईची खरबुजांची वाडी होती. पाणी ओसरलं की चर खणायचे, शेणखत भरायचं, बिया टोबायच्या आणि वाऱ्याच्या बाजूने तुराट्यांचं कुंपण घालायचं. तिच्या सासऱ्यापासून ही जागा त्यांची होती. सातबारा नव्हता, पण गावात कोणी तिथे पाय ठेवत नसे.

दर वर्षी वाडी म्हातारीच करायची, जमेल तेवढी. तिचा लेक त्रिंबक आणि अंजना दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. तिकडे नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. गेल्या साली कोल्हापूरकडच्या फडात, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना अंजनाचा पाय घसरला. पोटातलं पोर गेलं. अंगावरचं सुकायच्या आत ती पुन्हा फडात उभी होती, कारण एकट्या माणसाचा कोयता चालत नाही. घरी परत आल्यावर तिने एकच सांगितलं, मी परत जाणार नाही. रडली नाही, भांडली नाही. त्रिंबकने आयुष्यात पहिल्यांदा मुकादमाला नको म्हटलं आणि तिघांनी मिळून वाडी तिप्पट केली.

आता खरबुजांच्या सालीवर जाळी धरली होती, म्हणजे फळं पिकायला आली होती. तेलगावचा फळवाला मकसूद येऊन पाहून गेला होता. रमजान चालू होता, रोजा सोडायला गावोगाव खरबूज लागतं. येत्या शुक्रवारी टेम्पो आणतो म्हणाला होता. हा माल गेला की वर्ष निघणार होतं, बाळंतपण घरात होणार होतं आणि पुढच्या दिवाळीलाही मुकादमाला दारातून परत पाठवता येणार होतं. अंजना फळांवर गवत झाकताना प्रत्येकाला हात लावून बघायची. सासू ओरडायची, नजर लागते म्हणून. तरी ती बघायचीच.

बद्रीनाथ अण्णा जीप थडीला लावून वाळूत उतरले तेव्हा त्रिंबक कुंपण नीट करत होता. अण्णा सहकारी साखर कारखान्याचे संचालक. ऊसच नसल्याने कारखान्याचा बॉयलर त्या साली पेटलाच नव्हता, पण संचालकपण काही विझलं नव्हतं. पांढऱ्या बुटात वाळू गेली म्हणून ते एका पायावर उभे राहून बूट झटकत होते.

"उद्या-परवा मोठी माणसं येणारैत, त्रिंबक," अण्णा म्हणाले. "नदीतनं बोटीनं मालवाहतूक करायची स्कीम हाय. साखर, कापूस, सिमेंट, समदं पाण्यावरनं. आपल्या गावाला मालधक्का. त्याचा अभ्यास करायचा असतो. पाणी किती, मासे किती, कुणाचं काय नुकसान हुतंय का, आसलं समदं."

त्रिंबकने आधी अण्णांकडे आणि मग वाळूकडे पाहिलं. तोंडावर काही येऊ नये म्हणून त्याने खूप प्रयत्न केला.

"कावून हासतूस बे?"

"हासलो न्हाई, अण्णा. बोट म्हणलं तर पाणी लागंल."

"ते माझ्यावर सोड." अण्णांनी दुसरा बूट झटकला. "तुला इचारलं तर हितं काय पेरतो-बिरतो म्हणू नगंस. पात्र सरकारचं हाय. अतिक्रमण म्हणून नोटीस लावतील आन् मलाबी तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाई. धक्का झाला की राखणदार लागंलच. तुझं नाव माझ्या ध्यानात हाय."

अंजना पुढे आली. "अण्णा, शुक्रवारपस्तोर फळं निघत्यात. तवर ते येऊ नयेत आसं बगा."

"निघतील की. फळं कुठं पळून चाललीत का?" अण्णा हसले आणि जाताना एक पिकलेलं खरबूज हातात घेऊन गेले. ते खरबूज कोणी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी आलं.

आधी आवाज आला, कोणी तुराट्या ओढत नेतंय तसा. मग वरच्या अंगाला पोरं ओरडू लागली. अंजनाने मान वर केली तेव्हा वाळूवरून एक काळपट पट्टा सरकत येताना दिसला. पुढे फेस, काटक्या, चपला, मेलेला एक कावळा, आणि मागे पाणी. ते धावत नव्हतं. प्रत्येक खड्ड्यापाशी थांबायचं, खड्डा भरायचा, आणि पुढे निघायचं. वरच्या बंधाऱ्याची दारं उचलली होती आणि खालच्या बंधाऱ्याची पाडली होती, हे नंतर कळलं. त्या घडीला एवढंच कळत होतं की दुष्काळात, भर उन्हात, ढगाचा तुकडा नसताना गंगा आली आहे.

थडीवर माणसं धावली. बायका घागरी घेऊन धावल्या, ज्यांना घागर सापडली नाही त्या पातेलं घेऊन. शेजारची साखराबाई तर लुगड्यासकट पाण्यात बसली आणि मोठमोठ्याने हसायला लागली. म्हातारी माणसं ओंजळीने पाणी डोक्यावर घेत होती. अंजनालाही हसू आलं. तिने पाय पुढे केला, बोटांना गार लागलं, आणि मगच तिच्या लक्षात आलं की पाणी कुठे चाललंय.

"आवो! फळं!" ती ओरडली. "फळं काढा!"

त्रिंबकने टोपली उचलली. कुंपणाशी पाणी यायला अजून वेळ होता. तिघांनी हात चालवले असते तर निम्मी वाडी तरी वर निघाली असती.

"हात लावू नगंस!" भिवराबाई मधे उभी राहिली.

"माय, बाजूला हो."

"गंगेला नवं पाणी आलं की तिची ओटी भरल्याबिगर तिच्या पदरातलं काय उचलायचं न्हाई. घरात रीत हाय. तुज्या बापानं एका साली ओटीआधी पाण्यात हात घातला आन् त्याच सरावनात त्याला पान लागलं, जनावर डसलं. इसरलास?"

"आगं, पण हे काय पावसाचं पाणी न्हाई..."

"गंगा ती गंगा." म्हातारीचा आवाज चिरकला. तिने अंजनाच्या पोटाकडे पाहिलं. "तिच्या पोटात हाय. गेल्या साली एक गेलं. औंदा मला काय इपरीत हू द्यायचं न्हाई. तू हितंच थांब. मी आले."

आणि ती निघाली, वाळूतून, दुखऱ्या गुडघ्यांनी, गावाकडे. खण घरात होता, नारळ दुकानातून आणायचा होता. त्रिंबक टोपली घेऊन उभा राहिला. आईचा शब्द मोडून फळं काढायला त्याचा हात धजेना. अंजनाही उभी राहिली. एरवी तिने म्हातारीला जुमानलं नसतं, पण पोटावर हात ठेवला आणि तिलाही भीती वाटली. कोणी सांगावं, असेल तसंच. माणूस एकदा पोळला की काहीही खरं वाटायला लागतं.

पाणी कुंपणातून आत आलं. गवत तरंगलं. खरबुजं आधी ओली झाली, मग निम्मी बुडाली, मग त्यांच्या पाठी तेवढ्या दिसू लागल्या. भिवराबाई घामाघूम होऊन परत आली तेव्हा पाणी तिच्या मांडीला लागत होतं. तिने खण, नारळ, हळदकुंकू आणि मूठभर गहू पाण्यात सोडले, हात जोडले आणि म्हणाली, "आता काढा." गढूळ पाण्यात काढायला काही दिसत नव्हतं. पाण्यावर फक्त तिची ओटी फिरत होती. तिने आधी सुनेकडे आणि मग लेकाकडे पाहिलं, आणि दोघांनीही तिला काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळपर्यंत पाणी छातीला आलं. गावात सणासारखा आवाज होता. अशा वेळी रडायचं तरी कसं? पाणी नाही म्हणून सगळे रडतात, ते समजतं. पाणी आलं म्हणून रडणाऱ्या घराला लोकांनी काय म्हणावं? तिघं घरात बसून राहिले. अंगणातून जाणारी प्रत्येक बाई म्हणत होती, भिवराबाई, गंगा आली गं बाई, आणि म्हातारी म्हणत होती, व्हय, आली.

सकाळी ट्रकवर ठेवलेली बोट आली. पांढरी, मागे इंजिन, आत मोजणीचं यंत्र. टोपीवाले एक साहेब, दोन मदतनीस आणि शिरोळे नावाच्या एक मॅडम. मॅडम लोकांशी बोलणार होत्या, साहेब पाण्याशी. अण्णांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला. बोट पाण्यात उतरली तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. हिंगणथडीने एवढी चांगली करमणूक बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

बोट मधोमध गेली आणि इंजिन गुरगुरून बंद पडलं. परत चालू केलं, परत बंद. मदतनिसाने मागे वाकून पाहिलं आणि पंख्याला गुंडाळलेलं हिरवं काहीतरी ओढायला लागला. ते ओढेल तसं लांबच येत होतं.

"कोणी पोहणारा आहे का?" साहेबांनी थडीकडे पाहून विचारलं. "रोज देऊ."

अण्णांनी त्रिंबककडे बोट केलं. "ह्यो हाय की. कोयता घेऊन जा रं."

कोयता घरातून आला. ऊसतोडीचाच, दुसरा कुठला असणार. त्रिंबकने सदरा काढला, कोयता दातांत धरला आणि पोहत बोटीपाशी गेला. तिथे त्याचे पाय टेकत होते. टेकले ते वाडीत. तळव्याखाली गोल, खरखरीत फळं लागली, एक, मग दुसरं. कोणत्या आळ्यात आपण उभे आहोत हे त्याला न बघता कळलं. त्याने पंख्याभोवतीचा वेल धरला आणि कापला.

"खाली बरीच वनस्पती दिसतेय," साहेब म्हणाले. "काय आहे हे? सगळीकडे आहे?"

त्रिंबकने थडीकडे पाहिलं. अण्णा दोन्ही हात मागे बांधून उभे होते. त्यांच्या पलीकडे गाव उभं होतं, भरलेल्या घागरी घेऊन.

"पाणवेल हाय, सायब," तो म्हणाला. "आपोआप येती."

मदतनिसाने लिहून घेतलं. साहेब म्हणाले, मोजणीची रेघ मोकळी पाहिजे, तेव्हा पुढची वेल पण काढत चल, दिवसाचा रोज लावू. त्रिंबक बोटीच्या पुढे पुढे चालू लागला. बुडी मारायचा, मुळाशी कोयता घालायचा, वेल ओढून बाजूला फेकायचा, वर येऊन श्वास घ्यायचा. त्याचे डोळे लाल झाले होते, पण पाण्यात बुड्या मारणाऱ्याचे डोळे लालच होतात, त्यात कोणाला काही वाटलं नाही.

अंजना थडीवर लिंबाखाली बसली होती. शिरोळे मॅडमनी बायका तिथेच गोळा केल्या होत्या. मॅडम वाईट नव्हत्या. उन्हाने चेहरा रापलेला, आवाज बसलेला, पाठीमागे अशी कितीतरी गावं झालेली. त्यांनी विचारलं की नदीचा उपयोग कोण कोण कशासाठी करतं. बायका म्हणाल्या, धुण्याला, गुरांना. मासे? बायका हसल्या.

"नदीवर कोणाचं पोट आहे का?" मॅडमनी विचारलं. "धक्का झाला तर कोणाचं काम जाईल, असं कोणी?"

"कुणाचंबी न्हाई," मागून अण्णा म्हणाले. "समदी ऊसतोडीला जाणारी माणसं. उलट धक्क्यावर काम मिळंल."

अंजना उठली. ती बोलली ती काही सत्याची चाड म्हणून नव्हे. सत्य तिला कालपासून माहीत होतं आणि ते घेऊन ती गप्पच बसली होती. पण नवरा तिच्या डोळ्यांदेखत वाडी कापत होता. ज्या वेलाला तिने पेल्याने पाणी पाजलं तो ओढून फेकत होता, आणि आता ही बाई विचारत होती की कोणाचं काही आहे का. एवढं सगळं होऊनही आपण कोणीच नाही, हे तिला सोसेना.

ती पाण्यात शिरली. कोणीतरी म्हणालं, अगं, पोटुशी बाई, कुठं चाललीस? ती वाडीच्या थडीकडच्या कडेशी कमरेपर्यंत गेली, पायाने चाचपलं, खाली वाकून तोंड वर धरून हात घातला आणि एक खरबूज वेलासकट ओढून काढलं. परत येऊन ते मॅडमच्या पुढ्यात ठेवलं. तिचं लुगडं पोटाला चिकटलं होतं आणि ती धापा टाकत होती.

"ही आमची वाडी हाय. पाणवेलीला आसलं लागतंय का?"

"वरनं वाहून आलं आसंल," अण्णा म्हणाले.

"मूळ बगा की, अण्णा. वाळू हाय अजून मुळाला. परवा तुमीच एक नेलंत न्हवं?"

कोणीतरी खुदकन हसलं. मॅडमनी फळ उचललं, मूळ पाहिलं, नदीकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "पण पाण्यात खरबूज कसं येईल? पाणी कधी आलं इथे?"

भांडी घासण्याचा आवाज थांबला. साखराबाईच्या हातात ओलं घोंगडं होतं, कित्येक महिन्यांनी धुतलेलं. तिने अंजनाकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. याच साखराबाईने अंजनाला डोहाळ्यांत चिंच आणून दिली होती, स्वतःच्या वाट्याच्या टँकरच्या पाण्यातून एक घागर दिली होती. मोजणी होईपर्यंत वरची दारं उघडी राहणार, हे बायकांना कळत होतं. मोजणी लांबली तर आणखी बरं. धक्का झालाच तर बोटीसाठी का होईना, नदीत पाणी ठेवावं लागेल, असं अण्णांनी सांगितलं होतं. एवढंच त्यांना हवं होतं. धक्क्याचं त्यांना काय करायचं होतं?

अंजनाला हे सगळं समजत होतं. समजूनही ती बोलली.

"काल दुपारी आलं. त्याच्या आदी हितं वाळू हुती."

साखराबाईने घोंगडं पिळलं, घागर उचलली आणि उठून गेली.

पुढचं भराभर झालं. मॅडमनी साहेबांना थडीला बोलावून घेतलं. बाजूला दोघांचं चढ्या आवाजात बोलणं झालं. साहेबांनी अण्णांना काही विचारलं, अण्णांनी फोन लावला, कापला, परत लावला. दुपारच्या आत बोट ट्रकवर चढली. त्रिंबक पाण्यातून वर आला आणि काय झालं ते कळेना म्हणून कोयता हातात घेऊन तसाच निथळत उभा राहिला. साहेबांनी त्याला अर्ध्या दिवसाचा रोज दिला.

जाण्याआधी मॅडम अंजनापाशी आल्या. "तुमचं नाव घेतलंय. वाडीचं पण लिहिलंय. धक्का इथे होणार असेल तर तुम्ही बाधित कुटुंब धरले जाल."

"आन् न्हाई झाला तर?"

"तर मग बाधित कशाचे?"

अंजनाने नदीकडे हात केला. "आन् हे बुडालं ते?"

मॅडमनीही नदीकडे पाहिलं. "ते धक्क्यामुळे नाही झालं, ताई. धक्का अजून व्हायचाय. ते अभ्यासामुळे झालं. अभ्यासामुळे झालेलं लिहायला आमच्याकडे जागा नसते." त्यांना स्वतःलाच ते ऐकून लाज वाटली असावी. त्या गाडीत जाऊन बसल्या. अण्णा जीपकडे जाताना अंजनाजवळ थांबले आणि म्हणाले, "बरं केलंस सूनबाई. गावाचं पाणी घालवलंस." ते रागावून बोलले असते तर तिला इतकं लागलं नसतं.

वरची दारं त्याच संध्याकाळी पडली आणि खालची उचलली. तहानलेली वाळू ती, तिला उरलेलं पाणी प्यायला काय वेळ लागतो? शुक्रवारी मकसूद टेम्पो घेऊन आला तेव्हा वाडीत चिखल होता, आणि चिखलात फुटलेली, उन्हाने उकडलेली खरबुजं. तो उकिडवा बसून एकेक फळ हातात घेऊन दाबून पाहत राहिला.

"भाभी, रोजा सोडायला असलं कापून कुनापुढं ठिऊ?" तो म्हणाला. त्याचं तोंड उतरलं होतं, त्याचाही रमजान वाया चालला होता. त्यातल्या त्यात बरी फळं त्याने टेम्पोच्या कोपऱ्यात रचली, आणि ती इतकी थोडी होती की रस्त्याने गडगडू नयेत म्हणून त्याला मधे पोती लावावी लागली. उरलेली गावच्या शेळ्यांनी खाल्ली.

टँकरवर बायका अंजनाला जागा देईनात. भांडत नव्हत्या, नुसत्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहायच्या. पहिल्या दिवशी ती रिकामी घागर घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशी भिवराबाईने तिच्या हातातली घागर काढून घेतली आणि स्वतः गेली. दोन्ही कोपरं बाजूला काढून ती बायकांत घुसली आणि सगळ्यांच्या सात पिढ्या काढत घागर भरून आणली. पाणी आलं त्या दिवसापासून घरात मात्र ती बोलत नव्हती. जेवण वाढलं की अर्धं ताट बाजूला सारायची. फळं कोणी अडवली हे तिला माहीत होतं, आणि लेक-सून त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत हे तिला जास्त जड जात होतं. अंजनाला तिची दया यायची आणि रागही यायचा, आणि दोन्ही एकदम आले की ती चुलीत उगाच फुंकर घालत बसायची.

पाऊस दोनदा भुरभुरून गेला आणि मुकादम आसाराम कोयते ठरवत गावातून फिरू लागला. त्रिंबकच्या दारात त्याची मोटारसायकल थांबली तेव्हा कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. अंजनाचे दिवस भरत आले होते. ती उंबऱ्यात बसली होती, पाय सुजलेले. आसारामला बाज टाकली, चहा ठेवला.

"मंग त्रिंबक," आसाराम म्हणाला, "मागल्या साली न्हाई म्हणलास. औंदा काय?"

त्रिंबक जमीन उकरत होता. त्याने बायकोकडे पाहिलं नाही. अंजनाने पदर सारखा केला. दिवाळीपर्यंत पोर मांडीवर असेल, त्याला फडाच्या कडेला झोळीत टांगायचं, मोळी उचलायची, फळी चढायची. तिने ते सगळं मनात एकदा करून पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं.

"एक कोयता," आतून भिवराबाई म्हणाली. ती चहा घेऊन बाहेर आली आणि कप आसारामच्या हातात दिला. "धर आमचा एक कोयता."

"ते ठरलेलंच हाय की. त्रिंबक आन् सूनबाई."

"त्रिंबक आन् मी."

आसाराम हसला. मग ती हसत नाही हे पाहून थांबला. "आत्याबाई, मस्करी करू नका. तुमचं वय काय? मोळी उचलायची, फळी चढायची. कारखाना मला इचारंल, म्हातारी कावून आणली म्हणून."

"मी काय पहिल्यांदा चाललेय का? तुजा बाप मुकादम हुता तवा मी तोडलेला हाय ऊस."

"तवाचं तवा. आता उचलंल का?" त्याने अंगणात नजर टाकली. बाभळीच्या लाकडांची एक मोळी कडेला पडली होती, त्रिंबकने कालच आणलेली, ओली. "ती उचलून दावा बरं. उगं तोंडानं कुणीबी म्हणतंय."

"आत्या, नका," अंजना म्हणाली आणि उठायला लागली.

"बस तू खाली."

भिवराबाईने पदर खोचला, चुंबळ केली आणि मोळीपाशी बसली. कोणाला हात लावू दिला नाही. पहिल्यांदा मोळी गुडघ्यावर आली आणि परत खाली गेली. दुसऱ्यांदा तिने श्वास धरला, मोळी मांडीवर, छातीवर आणि मग डोक्यावर घेतली. गुडघे थरथरले. मानेच्या शिरा वर आल्या. ती सरळ उभी राहिली आणि आसारामकडे तोंड करून थांबली.

आसाराम बघत होता. चहा गरम होता, तो बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश पीत होता. त्रिंबकला ते बघवेना. तो उठला आणि मोळी उतरवायला आईपाशी गेला.

"ऱ्हाऊ दे," भिवराबाई दबल्या आवाजात म्हणाली. "त्याचा च्या संपू दे."